अंगावरचं

फोन आला तेव्हा सुवर्णाच्या हातांना अळीव चिकटलेले होते. नारळाच्या पाण्यात भिजून ते चांगले फुगले होते, बुळबुळीत झाले होते आणि बोटांच्या बेचक्यांतून निघता निघत नव्हते. ओट्यावरच्या फोनवर न्यू जर्सीचा अनोळखी नंबर. वेस्ट विंडसरच्या मंडळातल्या कुणाला तरी नातू झाल्याची बातमी लागली असणार, आता पेढ्यांवरून चार वाक्यं ऐकून घ्यावी लागणार, असं मनाशी म्हणत तिने मनगटानेच फोन घेतला. पलीकडच्या बाईने आधी तिची जन्मतारीख विचारली. या देशात तीस वर्षं काढल्यावर सुवर्णाला एवढं कळत होतं, की नाव विचारतात ते काहीतरी विकायला आणि जन्मतारीख विचारतात ते काहीतरी वाईट सांगायला. तिने स्पीकर बंद केला, फोन कानाशी धरला आणि तसल्या हातांनीच लेकीच्या स्वयंपाकघरातली कोठी उघडून ती आत जाऊन उभी राहिली. आत हिंगाचा आणि तांदळाच्या गोणीचा वास होता. पलीकडच्या खोलीत रुचा बाळाशी काहीतरी इंग्रजीत लाडाचं बोलत होती. बाळ सात दिवसांचं होतं.

बाईचं नाव मार्लीन. ती रक्तपेढीतून बोलत होती. गेल्या महिन्यात मंडळाच्या रक्तदान शिबिरात सुवर्णाने रक्त दिलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा. नवरा, मोरेश्वर, दर वर्षी द्यायचा, छातीवर स्टिकर लावून दिवसभर मिरवायचा. सुवर्णाला मात्र दर वर्षी हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवायचे. यंदा बीट आणि खजूर खाऊन, आणि खरं तर महिन्याची कटकट एकदाची संपल्यामुळे, ती पास झाली होती. खुर्चीत पडल्या पडल्या तिने मोरेश्वरला फोटो काढायला लावला होता. त्या रक्तात काहीतरी सापडलं होतं. मार्लीन हळू, न घाबरवणाऱ्या आवाजात सांगत होती आणि त्या आवाजाचीच सुवर्णाला भीती वाटत होती. एचटीएलव्ही-वन. एचआयव्हीच्या कुळातला विषाणू, पण तो नव्हे, हे तिने दोनदा सांगितलं. अमेरिकेतल्या रक्तदात्यांत लाखात पाच-सात जणांना निघतो. बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. शंभरातल्या पाचेक जणांना होतं, म्हातारपणाकडे झुकताना. कुणाला रक्ताचा कॅन्सर, कुणाचे पाय हळूहळू जातात. औषध नाही. शरीरात एकदा आला की तो जात नाही. रक्तातून येतो, शरीरसंबंधातून येतो, आणि आईच्या दुधातून मुलाकडे जातो. मग मार्लीनने विचारलं, तुम्हाला मुलं किती? एक मुलगी. तिला अंगावर पाजलं होतं का? हो. किती दिवस?

"सिक्स मंथ्स," सुवर्णा म्हणाली.

उत्तर तोंडातून बाहेर पडलं, आणि मग प्रश्न डोक्यात शिरला. ती खोटं बोलली असं तिला त्या क्षणी वाटलंसुद्धा नाही. अमेरिकेसाठी हेच उत्तर होतं. रुचाला घेऊन ती नागपूरहून आली तेव्हा पोर दोन वर्षांची आणि अंगावरची होती, आणि इथल्या मुलांच्या डॉक्टरने, फार सज्जन म्हातारा होता तो, ते ऐकल्यावर पेन खाली ठेवलं होतं. फक्त पेन ठेवलं आणि चष्म्यावरून एकदा पोरीकडे आणि एकदा सुवर्णाच्या छातीकडे पाहिलं. त्या दिवसापासून घरात एक उत्तर आणि बाहेर एक. बाहेर सहा महिने. घरात मात्र तीन वर्षं, आणि तेही दवंडी पिटून. बाथरूमच्या कडी लावलेल्या दाराआड, टबच्या काठावर बसून ती रुचाला पाजायची, आणि नागपूरला फोन केला की आईला अभिमानाने सांगायची, अजून तोडलं नाही गं. शेवटी तिसऱ्या वाढदिवसानंतर कोरफडीचा गर लावून तोडलं. पोरीने तोंड वाकडं केलं, थुंकली, आणि मग आईकडे असं पाहिलं की सुवर्णाने तो गर धुऊन आणखी एकदा, शेवटचं म्हणून, तिला जवळ घेतलं होतं. "सहाच महिने ना, मग धोका बराच कमी असतो," मार्लीन म्हणत होती. "दोन-चार टक्के म्हणा. जास्त पाजलं तर तो चार-पाचात एक इतका होतो. तरी मुलीने तपासून घ्यावं. तिला पुढे मूल झालं तर पाजायच्या आधी नक्की." सुवर्णाने आभार मानले. मुलगी मोठी आहे, वेगळी राहते, एवढंच ती म्हणाली. बाहेर येऊन तिने हात धुतले. अळीव निघाले, चिकटपणा राहिला. मग, दुसरं काय करणार, तिने गॅसवर कढई ठेवून गूळ टाकला.

"आई! कम सी, ही इज डूइंग इट!" रुचाने हाक मारली. ती पलंगावर तीन उशांना टेकून बसली होती, टाके ओढू नयेत म्हणून एक पाय लांब सोडून. बाळ छातीशी. त्याची इवली कानशिलं हलत होती, गिळताना बारीक आवाज येत होता. पहिल्या दोन दिवसांत त्याला धरताच येत नव्हतं, रुचा वेदनेने ओरडायची, आणि सुवर्णानेच तिला शिकवलं होतं की ओढून काढायचं नाही गं, करंगळी त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवायची, हवा गेली की तो आपसूक सोडतो. दवाखान्यातल्या नर्सनेही तेच सांगितल्यावर रुचा हसून म्हणाली होती, "माय मॉम आधीच म्हणाली. शी फेड मी फॉर थ्री यिअर्स!" नर्सला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, ऑफिसातल्या मैत्रिणींना सांगितलं. लहानपणी ज्या गोष्टीवरून चिडवलं की ती दार आपटून खोलीत जायची, तीच आता तिची पताका झाली होती. "तू बघत काय उभी आहेस? बस ना," रुचा म्हणाली. सुवर्णा बसली. बाळाचा पाय तिच्या हातात आला. आत्ता, या घोटात, किती जात असेल? आणि जातंच असं कुठे आहे, रुचाला असेलच असं कुठे आहे? दोन-चार टक्के म्हणाली ती बाई. ती संख्या तिने मनाशी गच्च धरली आणि धरता धरताच तिला कळलं, की ही संख्या आपली नाही, सहा महिने पाजणाऱ्या कुण्या दुसऱ्याच बाईची आहे.

हे तिच्याइतकं कुणाला कळणार होतं? आयुष्यभर तिने तेच केलं होतं. वेस्ट विंडसरजवळच्या एका कंपनीत औषधांच्या चाचण्यांची माहिती यायची, हजारो माणसांची, नावं काढून टाकलेली. आणि सुवर्णाचं काम त्यात विसंगत काय आहे ते हुडकायचं. हा पेशंट मार्चमध्ये सिगारेट ओढत नाही म्हणतो, जूनमध्ये दिवसाला दहा म्हणतो, मग खरं काय, विचारा त्याला. दवाखान्याला प्रश्न पाठवायचा, उत्तर येईपर्यंत सोडायचं नाही. सहकारी तिला चिडवायचे की सुवर्णापासून कुणाचं खोटं लपत नाही. माणसं कुठे खोटं बोलतात तेही तिला पाठ होतं: दारू, वजन, आणि जिथे लाज वाटते तिथे. आता या देशात कुठेतरी या दुर्मीळ रोगाची माणसं मोजली जात असतील, कोण कुठला, कुणाकडून आला, आणि त्यांत एका भारतीय बाईपुढे सहाचा आकडा बसला असेल. कुणीतरी तिच्यासारखीच बाई खुर्ची पुढे ओढून तो बघेल आणि म्हणेल, ठीक आहे, पुढचा. दुसऱ्याच्या खोट्याने तिची झोप उडायची. आपल्या खोट्याने तर ती अशी बधिर झाली होती, की हाताला गुळाचा चटका बसला तेही कळलं नाही.

बारशाला पाच दिवस होते. बारसं झालं की सांगू, असं तिने ठरवलं, आणि हे ठरवल्यावर तिला तासभर फार बरं वाटलं. माणसं यायची आहेत, मोरेश्वर यायचा आहे, पाळणा सजवायचा आहे, अशात बाळंतिणीला कुणी असलं सांगतं का? पण बाळ काही बारशासाठी थांबत नव्हतं. दर दोन तासांनी ते रडायचं, आणि दर दोन तासांनी सुवर्णा ओट्याशी पाठ करून उभी राहायची. सांगायचं म्हणजे तरी काय सांगायचं? ही पोर दोनदा दिवस राहून रिकामी झाली होती. दुसऱ्या वेळी पाचव्या महिन्यात. तेव्हा सुवर्णा विमानाने आली, आणि रुचा आठ दिवस सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून पडून होती, एकदाच बोलली, "आई, माझ्या बॉडीला काहीच नीट जमत नाही." या खेपेलाही शेवटी पोट फाडावंच लागलं. आणि मग तिसऱ्या दिवशी दूध उतरलं, भरभरून, कपडे भिजवणारं, आणि सुवर्णाने लेकीच्या चेहऱ्यावर किती वर्षांनी तो आनंद पाहिला. जमलं. हे एक तरी जमलं. तिला जाऊन सांगायचं, की हे थांबव, तू विषारी असशील, आणि तुला मी केलंय. सुवर्णाने सिंकचा नळ जोरात सोडला आणि त्या आवाजाआड तोंडावर पदर, नव्हे, लेकीचा किचन टॉवेल धरून ती रडली.

आणि सुवर्णाला तरी कुणी केलं? मोरेश्वरने नव्हे, एवढं नक्की. त्याच्या रक्तावरून कधी कुणाचा फोन आला नाही. हा विचार पहिल्यांदा मनात आला तेव्हा तिला स्वतःची लाज वाटली होती, पण आला होता, आणि गेल्यावर हायसंही वाटलं होतं. मग उरतं रक्त. रुचाच्या वेळी नागपुरात तिला जबरदस्त रक्तस्राव झाला होता. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, रक्त आणा, आत्ताच्या आत्ता. तिचा भाऊ दिगंबरदादा तेव्हा जहाजावरच्या नोकरीवरून सुट्टीवर आला होता. त्याचा आणि तिचा रक्तगट एक. त्याने तिथेच बाही वर केली. ही गोष्ट त्यांच्या घरात इतक्या वेळा सांगून झाली होती की ती घासून गुळगुळीत झाली होती. दर भाऊबीजेला आई म्हणायची, याने काय ओवाळणी घालायची आता, याने रक्तच दिलंय. आणि या गोष्टीला एक शेपूट होतं, ते कुणी फारसं सांगायचं नाही: त्याच्या दोनच वर्षं आधी कुठल्याशा दूरच्या बंदरात दादाचं अपेंडिक्स फुटलं होतं, आणि तिथल्या दवाखान्यात त्यालाही परक्याचं रक्त चढवून जगवलं होतं. त्या वेळी सगळे म्हणाले, देवासारखा कोण माणूस असेल तो! खरंच देवासारखा असेल. त्याला तरी काय माहीत. दादाचे पाय सहा-सात वर्षांपासून गेलेले होते. आधी चप्पल निसटायची, मग जिना जमेना, मग काठी, मग लघवीला धावपळ. मणक्याचा त्रास म्हणून ऑपरेशन झालं, फरक पडला नाही. शंभरातल्या त्या पाचांत कुणाकुणाचे पाय जातात. सुवर्णाने दुसऱ्या दिवशी सकाळी, तिकडे संध्याकाळ होती, त्याला फोन लावला.

"काय करून राहिली?" दादाचा आवाज खणखणीत होता, पाय गेले तरी आवाज गेला नव्हता. "पोट्टा कसा आहे?"

"छान आहे रे. तुझे पाय कसे आहेत?"

"माझ्या पायांचं काय घेऊन बसली! आहेत तसेच. काढतो अंगावर. डॉक्टरकडे गेलं की तो नवीन फोटो काढायला लावते, पायाला काही होत नाही. तू त्याचं सांग. दूध आहे नं भरपूर?"

"आहे."

"असणारच. आपलं रक्त आहे बाप्पा त्याच्यात," दादा म्हणाला आणि मोठ्याने हसला. "माझी बाटली आहे तिथपर्यंत पोचलेली!"

ती हसली. हसावंच लागलं. दादा, तू तपासून घे, एवढं वाक्य तिने जुळवलं होतं, पण ते त्या हसण्याखाली गेलं. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ रुचाच्या मागच्या अंगणाच्या काचेशी उभी राहिली. लेकीच्या गावाचं, बेलव्ह्यूचं, ते राखाडी आभाळ, ओली कुंपणं, शेजारच्या घरात कुणीतरी हेडफोन लावून उभ्या टेबलाशी काम करणारं. दादाने रक्त दिलं, आपण दूध दिलं. कुणी कंजुषी केली असती तर बरं झालं असतं. आपण खरंच सहा महिने पाजून थांबलो असतो, त्या म्हाताऱ्या डॉक्टरने पेन ठेवायच्या आधीच तोडलं असतं, एवढा मोठेपणा कशाला हवा होता?

मग तिला ती युक्ती सुचली, आणि युक्ती कसली, भेकडपणाच तो. सांगायचं नाही, पण दूध आटवायचं. इंटरनेटवर तिने वाचलं: सेज नावाच्या इथल्या उग्र वासाच्या पाल्याने आटतं, पुदिन्याने आटतं. ती परीक्षितबरोबर दुकानात गेली, आणि त्या भल्या जावयाने न विचारता पानांच्या चार जुड्या टोपलीत टाकल्या. बाळंतिणीच्या काढ्यात बाळंतशेपा नाही, ओवा नावाला, आणि सेजचा अर्क. अळिवाच्या लाडवांचा डबा फ्रीजमध्ये मागे गेला. शतावरीची पावडर संपली म्हणून सांगितली. दिवसातून चारदा तो काढा कपात ओतून ती लेकीपुढे धरायची आणि रुचा नाक दाबून, "यू आर द बेस्ट, आई," म्हणत घोटाघोटाने प्यायची.  एकीकडे वाटायचं, आटू दे, देवा, आटू दे. एकीकडे लेकीची पाठ चोळताना हाताला हाडं लागली की वाटायचं, आपण हिला उपाशी मारतोय. आणि आटायला लागलं. काढ्याने, की रात्र रात्र झोप नाही म्हणून, की सुवर्णाच्या शापाने, कोण जाणे. बाळ सोडून सोडून रडायला लागलं. रुचाचा चेहरा पुन्हा तो सोफ्यावरचा, भिंतीकडे वळवलेला व्हायला लागला. स्तनपानाची एक सल्लागार बाई स्क्रीनवर आली, तिने सगळं विचारलं, झोप, पाणी, जेवण. "जेवण माझी मॉम करते," रुचा म्हणाली, "सगळं ट्रॅडिशनल, दूध वाढवणारं." सल्लागार बाईने सुवर्णाकडे पाहून दोन्ही हात छातीशी नेले, किती भाग्यवान म्हणाली. सुवर्णाने मान खाली घातली. त्या बाईला तो विनय वाटला असावा.

"यार रुचा, आपण फॉर्म्युला ट्राय करू," त्या दुपारी परीक्षित म्हणाला. तो पुण्याचा, सरळ, प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं असं मानणारा. "मी पण फॉर्म्युलावरच वाढलो. बघ, ठीक आहे ना मी?"

"नो! आईने तीन वर्षं पाजलं मला. तीन वर्षं, परीक्षित. मी दहा दिवसांत हरणार नाही."

"आई, तुम्हीच सांगा तिला काहीतरी."

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. दार उघडलं होतं, कुणीतरी हाताला धरून दारापर्यंत आणून सोडलं होतं. सुवर्णाने ओठ ओले केले. "रुचा," ती म्हणाली, "आता तोड बाळा."

"तोड?" रुचाने कपाळाला आठ्या घातल्या. तिचं मराठी घरातलं, स्वयंपाकघराएवढं. त्यात हा शब्द तिच्या तिसऱ्या वर्षीच वापरून संपला होता. "यू मीन टेक अ ब्रेक? मी ब्रेक घेणार नाही. ब्रेक घेतला तर सप्लाय आणखी जाईल. तूच म्हणतेस ना, जितकं पाजशील तितकं येतं?" सुवर्णाने म्हटलंच होतं तसं, पहिल्याच दिवशी. परीक्षितने खांदे उडवले आणि तो मीटिंगला गेला. रुचाने पंप लावला. ती घरघर ऐकत सुवर्णा स्वयंपाकघरात गेली आणि उरलेल्या सेजच्या पानांकडे बघत राहिली.

बारशाच्या आदल्या दिवशी दूध परत आलं. रुचाने काढा घेणं सोडून दिलं होतं, गुपचूप, आईला वाईट वाटू नये म्हणून सिंकमध्ये ओतत होती, आणि फ्रीजमध्ये मागे लपलेला लाडवांचा डबा तिला सापडला होता. "सॉरी हं आई, ते टी मला नको होतं. पण तुझे लाडू! बघ, बघ ना!" तिचा गाऊन दोन्ही बाजूंनी भिजला होता आणि ती रडत हसत होती. बाळ अधाशासारखं तुटून पडलं. हॉलमध्ये उद्याचा पाळणा उभा होता, त्याला परीक्षितने झेंडूच्या कागदी माळा लावल्या होत्या; मोरेश्वरचं विमान न्यूअर्कहून निघालं होतं. खिडकीतून त्या गावात क्वचित पडतं तसं ऊन आलं होतं, नेमकं रुचाच्या खांद्यावर. सुवर्णाने ते गिळणं ऐकलं. मोठे, भरलेले घोट. गेले पाच दिवस तिने जे जे केलं त्यातलं एकही बाळाच्या कामी आलं नव्हतं. नुसती एक बाई स्वयंपाकघरात उभी राहून वेळ काढत होती, आणि तो वेळ त्या इवल्या घशातून खाली जात होता. आपल्या तोंडून हे होणार नाही, हे तिला लख्ख कळलं. मरेपर्यंत होणार नाही. मग निदान खरं विचारणारं कुणीतरी हवं, ती कामावर करायची तसं, उत्तर आल्याशिवाय न सोडणारं. तिने फोन काढला, पलंगाच्या काठावर बसली आणि त्या नंबरवर बोट ठेवलं. घंटा वाजायला लागल्यावर स्पीकर लावला.

"कोणाला करतेस?" रुचाने विचारलं.

"एका बाईला. माझ्या ब्लडबद्दल. तू ऐक."

मार्लीनने जन्मतारीख विचारली, तिने सांगितली. माझी मुलगी इथे शेजारी आहे, तिच्यासमोर बोला, माझी परवानगी आहे, हेही सांगितलं. इंग्रजीत ती नेहमीपेक्षा सावकाश बोलत होती. "मी त्या दिवशी एक उत्तर चुकीचं दिलं," ती म्हणाली. "तुम्ही परत विचारा."

"कुठलं?" पलीकडे कागद हलल्याचा आवाज झाला. "मुलीला किती दिवस पाजलं, ते? इथे सहा महिने आहे."

सुवर्णाने तोंड उघडलं.  आणि तेवढ्यात रुचा, उशीवर रेललेली, खांद्यावर ऊन घेतलेली, भरल्या छातीची तिची लेक, हसली. "सिक्स मंथ्स?" ती फोनकडे वाकून म्हणाली. "नो नो. थ्री यिअर्स! पूर्ण थ्री यिअर्स. आस्क एनीबडी."

पलीकडे पुन्हा कागद हलला. मग मार्लीनचा आवाज आला, तसाच हळू, पण आता तो सुवर्णाशी बोलत नव्हता. "हाय," ती म्हणाली, "तुम्हीच का त्यांची मुलगी? तुम्हाला मुलं आहेत? तुम्ही सध्या पाजताय का?"

"हो," रुचा म्हणाली. हसू अजून ओठांवर होतं, नुसतं डोळ्यांतून उतरलं होतं. "आत्ताच पाजतेय. का? आई? व्हाय इज शी आस्किंग?"

सुवर्णा पुढे सरकली. फोन बोलत होता, तपासणी, आठवडा, निकाल येईपर्यंत, आणि रुचा तिच्याकडे बघत होती, तीन वर्षांची असताना कोरफड चाखून पाहिलं होतं तशीच. सुवर्णाने करंगळी पदराला, नाही, कुर्त्याला पुसली आणि बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून हळूच आत सरकवली. बारीकसा आवाज झाला. त्याने सोडलं. दुधाचा एक थेंब त्याच्या हनुवटीवर आला होता, तो तिने अंगठ्याने पुसून घेतला, आणि बाळ रडायला लागलं.